गणिताचा पेपर आणि वरच्या पायरीचा विचार

मागच्या व्याख्यानात आपण 'समजणं म्हणजे नेमकं काय' इथपर्यंत आलो होतो. ते ऐकून एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकाबाईंनी आम्हाला गणिताची एक चाचणी पाठवली. दहावीच्या मुलांसाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून काढलेली. सोबत दोन ओळी होत्या. ही 'हॉट्स'ची चाचणी आहे, म्हणजे उच्चस्तरीय विचारकौशल्यं मोजणारी, आणि तिचा दर्जा कसा आहे ते सांगाल का?

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. गणिताशी आमची ओळख तर्कशास्त्राच्या दारातून. तेव्हा एकट्यानं मत द्यायचं धाडस केलं नाही. आमच्या शनिवारच्या बैठकीत गणिताचे दोन निवृत्त शिक्षक असतात, त्यांच्यासमोर चाचणी ठेवली. आज जे बोलणार आहोत ते त्या तीन-चार शनिवारांचं फलित आहे, एकट्याचं नाही.

चाचणीच्या मागे पुराव्यांची फाइल जोडलेली होती. संविधान तक्ता होता: ज्ञानाला इतके गुण, आकलनाला इतके, उपयोजनाला इतके, विश्लेषणाला इतके. तीन तज्ज्ञांनी खुणा केलेले अभिप्रायाचे तक्ते होते. विश्वसनीयतेचा गुणांक होता, प्रत्येक प्रश्नाची काठिण्य पातळी होती, भेदनक्षमता होती. कागदपत्रं अगदी चोख. आणि तरी सगळं वाचून झाल्यावर आमचं एकमत असं झालं की या कागदांवरून चाचणीचा दर्जा आम्हाला कळत नाही. बाईंना हे कळवताना जरा जड गेलं. पण का कळत नाही, हे सांगायलाच हवं.

आपल्याच भूमीतलं उदाहरण घेऊ. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. तिच्यात मोर आणि सापाचं गणित आहे. नऊ हात उंच खांब, त्याच्या पायथ्याशी सापाचं बीळ, खांबावर मोर बसलेला. बिळापासून सत्तावीस हातांवर साप दिसतो, तो बिळाकडे निघालाय. मोर तिरका झेपावतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? उत्तर बारा हात. साप सत्तावीसातले पंधरा चालला, मोराची तिरकी झेपही पंधरा, कारण नऊ आणि बाराचा कर्ण पंधरा.

आता सांगा, हा प्रश्न उच्चस्तरीय आहे की नाही? आमच्या बैठकीत यावर वाद झाला आणि वादात दोन्ही बाजू बरोबर निघाल्या. ग्रंथात हे उदाहरण नियमानंतर येतं. नियम सांगतो: खांबाच्या उंचीचा वर्ग करा, अंतरानं भागा, ते अंतरातून वजा करा, निम्मं करा. एक्याऐंशी भागिले सत्तावीस, तीन. सत्तावीसातून तीन गेले, चोवीस. निम्मे बारा. ज्याला नियम ठाऊक आहे त्याच्यासाठी ही तिसरी-चौथीची आकडेमोड. ज्यानं नियम पाहिला नाही, फक्त काटकोन त्रिकोणाचा गुणधर्म माहीत आहे, त्याला मात्र आकृती काढावी लागते, काय सारखं आहे ते पकडावं लागतं, अज्ञात राशी कुठे धरायची ते ठरवावं लागतं. प्रश्न तोच, शब्द तेच. विचार एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

म्हणजे काय झालं बघा. 'उच्चस्तरीय' हे विशेषण प्रश्नाला लागत नाही. प्रश्न आणि तो सोडवणाऱ्या मुलाचं आधीचं शिक्षण, या दोहोंतल्या नात्याला लागतं. एखादी वस्तू डावीकडे आहे असं आपण म्हणतो, ते कुणाच्या तरी डावीकडे असतं, तसंच हे. आणि संविधान तक्ता नेमकं हेच विसरतो. तो प्रश्नाच्या कपाळावर 'विश्लेषण' असा टिळा लावतो आणि मोकळा होतो.

यात आम्ही नवीन काही सांगतोय असंही नाही. ज्या ब्लूमच्या नावानं हे तक्ते भरले जातात, त्याच्या १९५६ च्या पुस्तकातच हा इशारा आहे. एखादा प्रश्न कोणत्या पायरीचा हे ठरवायचं तर विद्यार्थी त्याआधी काय शिकलाय हे माहीत असावं लागतं, निदान गृहीत तरी धरावं लागतं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. ते वर्गीकरण मुळात महाविद्यालयीन परीक्षकांच्या आपापसातल्या देवाणघेवाणीसाठी झालं. पुढे २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी त्याची सुधारित आवृत्ती काढली, पायऱ्यांना क्रियापदं आली, आणि आमच्याकडे ती क्रियापदंच शिल्लक राहिली. 'सिद्ध करा' दिसलं की वरची पायरी, 'काढा' दिसलं की खालची. पायथागोरसचं प्रमेय 'सिद्ध करा' म्हटल्यावर दहावीचा मुलगा काय करतो ते आपण सगळे जाणतो. पाठ केलेलं उतरवतो.

आमच्या नैयायिकांनी इथे एक फार उपयोगी भेद करून ठेवलाय. यथार्थ अनुभव ही प्रमा. स्मृती कितीही अचूक असली तरी ती प्रमा नव्हे, कारण ती आधीच्या अनुभवावर उभी असते, नवीन काही जाणून देत नाही. गणिताच्या पेपरला हा चष्मा लावून बघा. उत्तर बरोबर आलं, पण ते स्मृतीतून आलं की त्या तीन तासांत घडलेल्या जाणण्यातून, हे उत्तरपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. दोन्हींना गुण सारखेच.

आता हा नुसता शाब्दिक काथ्याकूट नाही, कारण यावर मुलांचं भवितव्य ठरायला लागलंय. केंद्रीय मंडळानं नववी-दहावीच्या पेपरांत निम्मे प्रश्न क्षमताधारित असतील असं ठरवलं. २०२४-२५ पासून अकरावी-बारावीसाठीही ते प्रमाण चाळीसवरून पन्नास टक्क्यांवर नेलं. हेतू चांगलाच आहे, आमचा त्याला विरोध नाही. पण पन्नास टक्के म्हणताना मोजलं काय जातं? प्रश्नाचा साचा. आणि साचा एकदा जाहीर झाला की बाजारात त्याची प्रश्नपेढी यायला महिना लागत नाही. ज्याच्या घरी प्रश्नपेढी आणि क्लासची फी परवडते, त्याच्यासाठी तो प्रश्न स्मृतीचा होतो. ज्याच्याकडे फक्त पाठ्यपुस्तक आहे त्याच्यासाठी तो विचाराचाच राहतो. मग निकाल लागतो, पहिल्या मुलाला विचार करता येतो आणि दुसऱ्याला येत नाही असं आपण जाहीर करतो. पाठांतराच्या जुन्या परीक्षेनं निदान असा आव तरी आणला नव्हता.

बाईंच्या चाचणीत गोष्टींचे प्रश्न बरेच होते. एक सांगतो. आठ-दहा ओळींचा परिच्छेद: दुष्काळी गाव, शेततळ्याची योजना, शेतकऱ्याचा उत्साह. मग शेततळ्याची लांबी रुंदीपेक्षा दहा मीटरनं जास्त आणि क्षेत्रफळ सहाशे चौरस मीटर, तर लांबी-रुंदी काढा. आमच्यातल्या एका गणितशिक्षकांनी परिच्छेदावर तळहात ठेवला आणि म्हणाले, 'आता सुटतं का बघा.' सुटतं. वीस आणि तीस. हात काढला काय, ठेवला काय, काही फरक नाही. गोष्ट ही तिथे तोरणासारखी, दाराचा उपयोग तिच्यावाचून अडत नाही. उलट ज्या मुलाचं वाचन कच्चं आहे तो परिच्छेदातच अडकतो, आणि आपण त्याच्या वाचनाचे गुण गणितात कापतो.

गोष्ट खरोखर लागते असा प्रश्न कसा असतो? अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचंय, बस किती लागतील? सुमारे सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्क्यांनी उत्तर लिहिलं 'एकतीस, बाकी बारा'. १८ टक्क्यांनी नुसतं एकतीस. बत्तीस लिहिणारे २३ टक्के. इथे परिच्छेद झाकला तर उत्तर चुकतं, कारण बाकी उरलेले बारा आकडे नाहीत, रस्त्यावर उभी असलेली माणसं आहेत. आणि प्रश्न केवढा? एक ओळ. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलला छोट्या मुलांना विचारलं गेलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? सत्त्याण्णवपैकी शहात्तर मुलांनी दिलेल्या आकड्यांशी काही ना काही करून वय काढून दिलं. हसू नका. त्या मुलांना शाळेनं शिकवलेलं ते इमानानं करत होती: पेपरात आलेला प्रश्न सुटतोच, आणि दिलेले सगळे आकडे वापरायचे असतात.

बरं, आता आकडेवारीकडे येऊ. फाइलमधला सगळ्यात भारदस्त भाग तोच होता. काठिण्य पातळी म्हणजे किती मुलांनी प्रश्न बरोबर सोडवला त्याचं प्रमाण. भेदनक्षमता म्हणजे एकूण गुणांत वरच्या सत्तावीस टक्के मुलांनी तो प्रश्न किती सोडवला आणि खालच्या सत्तावीस टक्क्यांनी किती, यातलं अंतर. ते ०.४० च्या वर गेलं की प्रश्न उत्तम समजतात. क्रॉनबाखचा अल्फा, १९५१ पासूनचा, सांगतो की प्रश्न एकमेकांशी किती जुळतात. यातल्या प्रत्येक गोष्टीचा उपयोग आहे, आम्ही ते नाकारत नाही. ज्या प्रश्नावर हुशार मुलं चुकतायत आणि कच्ची मुलं बरोबर येतायत, तो प्रश्न या गणितानं उघडा पडतो.

पण हे आकडे काय सांगू शकत नाहीत ते रशियन गणितज्ञ अर्नोल्ड यांच्या एका उदाहरणात फार छान दिसतं. काटकोन त्रिकोणाचा कर्ण दहा, आणि कर्णावर टाकलेला लंब सहा, क्षेत्रफळ किती? अमेरिकी परीक्षेतला प्रश्न म्हणून ते हा सांगत. मुलं पटकन म्हणतात तीस. दहा गुणिले सहा, निम्मे. जरा थांबा. कर्ण दहा असलेला काटकोन त्रिकोण दहा व्यासाच्या अर्धवर्तुळात बसतो. अर्धवर्तुळाची जास्तीत जास्त उंची त्रिज्येइतकी, म्हणजे पाच. सहाचा लंब येणार कुठून? असा त्रिकोणच अस्तित्वात नाही.

आता समजा, हा प्रश्न तुमच्या चाचणीत आहे आणि आदर्श उत्तर 'तीस' आहे. सूत्र येणारी मुलं तीस लिहितील, न येणारी लिहिणार नाहीत. काठिण्य पातळी ठीक, भेदनक्षमता छान, बाकी प्रश्नांशी मेळही उत्तम. आणि वर्गातली जी एकच मुलगी आकृती काढून 'हा त्रिकोण निघतच नाहीये' म्हणून अडून बसेल, तिला शून्य. त्या चाचणीतला सगळ्यात वरचा विचार तिनं केला आणि आकडेवारीच्या दृष्टीनं ती एक गोंधळलेली उमेदवार. अल्फाचंही तसंच. सगळे प्रश्न एकाच साच्यातले असले की तो वाढतो. म्हणजे प्रश्नपेढीतून शिकवलेल्या वर्गात, प्रश्नपेढीच्या धर्तीवर काढलेल्या चाचणीचा अल्फा झकास येणार, आणि तो कसल्या विश्वासाचा पुरावा आहे याचा विचार कुणी करणार नाही.

तज्ज्ञांच्या खुणांबद्दल थोडक्यात. आम्हीही आयुष्यात असे अभिप्राय दिलेत, तेव्हा दोष आमचाही आहे. प्रश्न न सोडवता, उत्तर हातात घेऊन, चहाचा कप येईपर्यंत तक्ता भरून द्यायचा. तीन माणसं एकसारखी खूण करतात तेव्हा कदाचित तिघांनीही तेच क्रियापद वाचलेलं असतं.

अवघड आणि वरचं यातली गल्लतही फाइलमध्ये होती. एका वर्गसमीकरणात सहगुणक करणीचिन्हांत दिले होते. फार थोड्या मुलांना जमलं, म्हणून ते 'उच्चस्तरीय' रकान्यात गेलं. त्यात विचार सूत्रात किंमती घालण्याइतकाच होता, बोटं मात्र दुखली. याउलट बसचा प्रश्न चौथीच्या भागाकाराचा, पण त्यात विचार आहे.

याहून गंभीर गोष्ट चौकटींची. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात 'कृती पूर्ण करा' असे प्रश्न असतात. सिद्धता किंवा उकल छापलेली असते, मध्ये चौकटी रिकाम्या, त्या भरायच्या. घाबरलेल्या मुलाला हात धरून नेण्यासाठी ते योग्यच आहे, त्याच्यामुळे कित्येक मुलं उत्तीर्ण झाली असतील. पण बाईंच्या तक्त्यात हे प्रश्न 'तर्कसंगत मांडणी'खाली होते. इथे आम्हाला प्लेटोचा 'मेनो' आठवल्यावाचून राहिला नाही. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो, हा दोन फूट बाजूचा चौरस, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचाय, बाजू किती? मुलगा आधी म्हणतो चार. ते सोळा होतं. मग म्हणतो तीन. ते नऊ होतं, हवेत आठ. मग म्हणतो, मला माहीत नाही. नंतर सॉक्रेटिस कर्ण काढतो आणि मुलगा होय, होय म्हणत उत्तराशी पोहोचतो. आम्ही हा संवाद पुष्कळ वर्षं शिकवला आणि शिकवताना शेवटच्या भागावर भर द्यायचो. आता उतारवयात वाटतं, त्या मुलाचा स्वतःचा विचार कुठे असेल तर 'चार', 'तीन' आणि 'माहीत नाही' यांत आहे. पुढचं जे आहे ते चौकटी भरणं. रेषा कुठे मारायची हे सॉक्रेटिसनं ठरवलं, आणि भूमितीत सगळा जीव तिथेच असतो.

मग आम्ही बाईंना काय सांगितलं? फाइल बाजूला ठेवा, उत्तरपत्रिका आणा. त्या घेऊन आल्या. एक प्रश्न असा होता: 'ज्या चौकोनाचे कर्ण समान असतात तो आयत असतो, असं एक विद्यार्थी म्हणतो. त्याचं बरोबर आहे का? सकारण लिहा.' चाचणीतला हा आमच्या मते सगळ्यात चांगला प्रश्न. तीन गुण. आदर्श उत्तरात लिहिलं होतं: बरोबर नाही, समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्ण समान असतात पण तो आयत नसतो. बऱ्याच मुलांनी शब्द न शब्द हेच लिहिलेलं. एका मुलीच्या पेपरात मात्र शब्द फारसे नव्हते. एकमेकींना भलत्याच ठिकाणी छेदणाऱ्या दोन सारख्या रेषा, टोकं जोडून झालेला एक वाकडातिकडा चौकोन, आणि खाली 'हा आयत नाही'. चौकोनाचं नाव लिहिलेलं नाही म्हणून एक गुण.

बाईंना आम्ही म्हटलं, या मुलांना बोलवा, पेपर समोर ठेवून विचारा, हे कसं सुचलं? आम्हीही गेलो. पूर्ण गुण मिळवणारी मुलं प्रामाणिक होती. 'उजळणीच्या कागदात होतं, सर.' ती मुलगी आधी बोलेना. आपलं चुकलंय असंच तिच्या मनात. मग म्हणाली, 'कर्णच सारखे पाहिजेत ना? मग मी आधी कर्णच काढले. मधोमध नाही कापले. मग आयत होईलच कसा?' कर्ण समान असून भागत नाही, ते परस्परांना दुभागायलाही हवेत, ही अट तिनं स्वतःची स्वतः शोधली होती. एका समलंब चौकोनाऐवजी अशा असंख्य चौकोनांचं घर तिनं उघडून दाखवलं होतं. बाई पेपराकडे बघत राहिल्या, मग लाल पेन काढून एकाचे तीन केले. आम्ही काही बोललो नाही.

नंतर तिथेच एक जोडप्रश्न टाकला. 'ज्या चौकोनाचे कर्ण एकमेकांना लंब असतात तो समभुज असतो. बरोबर का?' हा उजळणीच्या कागदात नव्हता. मॅक्स वेर्थायमरच्या १९४५ च्या पुस्तकात एका वर्गाची हकिगत आहे. समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ लंब टाकून काढायला शिकलेल्या मुलांपुढे त्यानं तीच आकृती उभी करून काढली, तर मुलं म्हणाली हे आम्हाला अजून शिकवलं नाही. इथे थोडंसं तसंच झालं. काही मुलं गप्प बसली, एकानं पतंगाची आकृती काढली, तो खूश झाला, आम्हीही. मुलीनं दोन पेन्सिली घेतल्या, बाकावर काटकोनात ठेवल्या, आणि एक जरा सरकवली.

चाचणीच्या दर्जाबद्दल आमचा अभिप्राय शेवटी एका पानाचा झाला. संविधान तक्त्यात एक रकाना वाढवा: हा प्रश्न किंवा याचं भावंड वर्गात, पुस्तकात, उजळणीत येऊन गेलं आहे का? गेलं असेल तर तो प्रश्न वाईट ठरत नाही, फक्त त्याचा रकाना बदलतो. प्रत्येक गोष्टीच्या प्रश्नावर हात ठेवून बघा. तज्ज्ञांना उत्तर देऊ नका, प्रश्न सोडवायला लावा, आणि त्यांनी सोडवलेले कागद फाइलला जोडा. आदर्श उत्तरपत्रिका मुलांचे दहा-वीस पेपर वाचून झाल्यावर पक्की करा, आधी नाही. आणि प्रत्येक चाचणीनंतर पाच-सहा मुलांना बसवून 'कसं सुचलं' विचारा, त्यांत शून्यवाले दोन तरी असू द्या. लाखो मुलांच्या परीक्षेला हे शेवटचं जमणार नाही हे आम्हाला कळतं. पण लाखोंच्या परीक्षेसाठी प्रश्न निवडण्याआधी साठ मुलांवर नक्की जमेल, आणि एका शाळेच्या चाचणीला तर वेळ नाही हे कारण चालणारच नाही. बाईंनी विचारलं, मग विश्वसनीयतेच्या गुणांकाचं काय करू? आम्ही म्हटलं, राहू द्या, फक्त पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर न्या.

पुढच्या वेळी सिद्धता आणि पटणं यांतल्या फरकाबद्दल बोलू. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या त्या काकांचा हात मघापासून वर आहे, मोराच्या गणितापासून.